एक अक्षर आणि बारा आठवडे

20 डिसेंबर 1985 च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात अमेरिकेतल्या सीटस कंपनीशी संबंधित सात संशोधकांचा पाच पानांचा निबंध छापून आला. माणसाच्या डीएनएतला हवा तेवढाच तुकडा नळीत दोन लाख वीस हजार पट वाढवता येतो आणि त्यावरून एका दिवसाच्या आत आनुवंशिक आजाराचं निदान करता येतं, असं त्यांनी दाखवलं होतं. पीसीआर तंत्राची शोधनिबंधातून जगाला झालेली ही पहिली ओळख. त्यासाठी त्यांनी निवडलेला आजार होता सिकलसेल. सुरतेच्या उधना स्टेशनातून जळगावकडे जाणारी गाडी ज्या मुलखातून धावते, त्या मुलखात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे.

2020 नंतर ‘आरटीपीसीआर’ हा शब्द उधन्याच्या लूम खात्यातल्या, म्हणजे यंत्रमाग कारखान्यातल्या, प्रत्येक कारागिराला माहीत झाला. जानेवारी 2020 मध्ये कोरोनाची तपासणी देशात फक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत होत होती. पुढच्या काही महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआरची यंत्रं बसली. पण हेच तंत्र ज्या आजारासाठी पहिल्यांदा वापरलं गेलं, त्याची डीएनए तपासणी वेळेवर झालेली जोडपी याच वस्त्यांत कमी सापडतात. यंत्रं आली, रसायनं आली, कायद्याची वाटही आहे. अडतं ते कोणाची तपासणी आधी आणि केव्हा करायची, यापाशी. या लेखात तंत्राचा आढावा घेताना मी वारंवार या एका गोष्टीकडे येणार आहे.

आधी मुलूख पाहू. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या सुरतेच्या भागांत खानदेशातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी, खात्यात गुजराती आणि हिंदी. तापी खोऱ्याच्या रेल्वेने बारडोली, व्यारा, मग नवापूर, जिथे फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात आहे, आणि पुढे नंदुरबार. या रेषेच्या दोन्ही बाजूंना चौधरी, गामित, वसावा, मावची, कोकणी, भिल्ल, पावरा समाज राहतात. जंगलपट्टीत हिवतापाचा जोर असे आणि सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या वाहकाला घातक हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळतं, म्हणून हे जनुक इथे टिकलं. भारतात त्याची पहिली नोंद 1952 मध्ये नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. 1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या वाहकांची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये दिली. महाराष्ट्रातल्या आदिवासी जिल्ह्यांत पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी वर्षानुवर्षं फिरून हे काम पुढे नेलं.

दक्षिण गुजरातेत वलसाड रक्तदान केंद्राचे डॉ. यझदी इटालिया यांनी या आजाराला सरकारच्या यादीवर आणलं. 2006 मध्ये गुजरातचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला तो अशा कामाच्या जोरावर. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गटाने दक्षिण गुजरातेतल्या आदिवासी मातांच्या पाच हजारांहून अधिक नवजात बाळांची तपासणी करून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात साधारण दर आठवं बाळ वाहक होतं. सुरतेत खटोदऱ्यातलं सुरत रक्तदान केंद्र सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी बऱ्याच काळापासून करत आलं आहे. सुरतेतल्या मराठी कुटुंबांना रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी काही नवी नाही. प्रश्न तिच्या पुढच्या पायरीचा आहे.

या आजारात बिघडतं ते एकच अक्षर. हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. त्यातल्या सहाव्या शब्दात ‘जीएजी’ऐवजी ‘जीटीजी’ येतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं, प्राणवायू उतरल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. माणसाच्या डीएनएत अशी सुमारे 300 कोटी अक्षरं. त्यातलं एक वाचायचं, तेही थेंबभर रक्तातून.

पीसीआरच्या आधी हे होत नव्हतं असं नाही. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात कॅन आणि डोझी यांनी जनुकाच्या शेजारच्या खुणेवरून गर्भाचं निदान करून दाखवलं. 1982 मध्ये एमएसटी-टू नावाचं कात्री-विकर हाताशी आलं. ते बरोबर त्या सहाव्या शब्दापाशी डीएनए कापतं, आणि सिकलचं अक्षर असेल तर कापत नाही. पण त्यासाठी डीएनए भरपूर लागे, किरणोत्सारी फॉस्फरस लागे आणि फिल्म उमटायला दिवसच्या दिवस जात. गर्भवतीचे आठवडे मात्र थांबत नाहीत.

पीसीआरने हे गणित बदललं. डीएनए 95 अंशांपर्यंत तापवला की त्याचे दोन धागे सुटे होतात. तापमान उतरवलं की हव्या त्या जागेच्या दोन टोकांना प्रायमर, म्हणजे वीस-पंचवीस अक्षरांचे छोटे तुकडे, जाऊन बसतात. 72 अंशांना विकर त्यांच्यापुढे नवा धागा विणतं. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत कागदावरचा हिशोब शंभर कोटींच्या पुढे जातो. 1985 च्या प्रयोगात विकर उष्णतेने मरत असे, म्हणून प्रत्येक फेरीला नव्याने घालावं लागे. यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं, उकळत्या पाण्याजवळच्या तापमानालाही टिकणारं टॅक विकर 1988 मध्ये या कामाला जुंपलं गेलं आणि ट्यूब लावून निश्चिंत होता येऊ लागलं. या तंत्रासाठी कॅरी म्युलिस यांना 1993 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग प्रत्येकाची तपासणी थेट पीसीआरनेच का करू नये? कारण गरज नाही. सिकलसेलसाठी आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ट्यूबमधलं द्रावण गढूळ झालं आणि मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की संशय. मग एचपीएलसी यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार टक्क्यांत वेगळे करून देतं. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजारी. बीटा थॅलेसेमियाचा वाहक ओळखायला हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर आहे का, ते पाहतात. स्वस्त, जलद, आणि बहुतेकांसाठी पुरेसं.

रक्ताची भाषा जिथे अपुरी पडते, तिथे डीएनए लागतो. अशा जागा उधन्यासारख्या वस्तीत नेमक्या जास्त आहेत. सातपुड्यातल्या आणि लूम वस्तीतल्या बायांमध्ये लोहाची कमतरता इतकी आहे की तिच्यामुळे ए-टू खाली ओढला जातो आणि थॅलेसेमियाची वाहक स्त्री ‘नॉर्मल’ ठरू शकते. काही सौम्य दोषांत ए-टू वाढतच नाही. दुसऱ्या दवाखान्यात आठ दिवसांपूर्वी रक्त चढवलेलं मूल तपासणीला आलं की यंत्र रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मोजतं. एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आलेलं मूल यंत्रावर बरंचसं एसएससारखं दिसतं. आणि गर्भाच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. गर्भाचं रक्त मुख्यत्वे गर्भकाळातल्या एफ हिमोग्लोबिनवर चालतं, बीटा साखळीचा कारभार जन्मानंतरच जोर धरतो. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आजार लपून राहतो. जनुक मात्र पहिल्या दिवसापासून तिथेच असतं.

सिकलसेलमध्ये शोधायचं अक्षर ठरलेलं आहे. थॅलेसेमियात तसं नाही. बीटा जनुकात दोष होण्याच्या जगभरात शेकडो तऱ्हा नोंदल्या आहेत. भारतात मात्र पाचच तऱ्हा बहुसंख्य रुग्णांत सापडतात: आयव्हीएस 1-5, आयव्हीएस 1-1, 619 अक्षरांची गळती, कोडॉन 8/9 आणि कोडॉन 41/42. त्यामुळे इंग्लंडमध्ये 1989 मध्ये आलेली आर्म्स-पीसीआर पद्धत आपल्या प्रयोगशाळांत रुळली. तिची युक्ती सोपी आहे. प्रायमरचं शेवटचं अक्षर जुळलं तर विणकाम पुढे चालतं, नाही जुळलं तर तिथेच थांबतं. प्रत्येक दोषासाठी दोन ट्यूब लावतात, एक नेहमीच्या अक्षराची, दुसरी बिघडलेल्या अक्षराची. वेगळी वाढवलेली एक खात्रीची पट्टीही दोन्हीत असते, म्हणजे काही दिसलं नाही तर दोष नव्हता की मुळात पीसीआरच चालला नव्हता, हे कळतं. नमुना जेलवर चालवून अतिनील प्रकाशात धरला की पट्ट्या उजळतात. दोन्ही ट्यूबमध्ये पट्टी दिसली तर वाहक. फक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये दिसली तर दोन्ही जनुकं बिघडलेली.

इथे उधन्याची एक खास अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. कुठल्या समाजात कुठला दोष आढळतो, हे बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. 619 ची गळती सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत अधिक सापडते. आयव्हीएस 1-5 महाराष्ट्रात सर्वांत पुढे. पूर्व भारतातून आलेल्यांमध्ये हिमोग्लोबिन ई दिसतं, ते थॅलेसेमियाशी जोडलं गेलं की मूल गंभीर आजारी होऊ शकतं. उधन्यात एकाच चाळीत खानदेशी, गंजामहून आलेले ओडिया विणकर, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आणि सौराष्ट्रातली घरं शेजारी शेजारी आहेत. गावाकडे पुरणारा पाच दोषांचा संच इथे कमी पडू शकतो. ‘पाचांपैकी दोष आढळला नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा घेणं चूक आहे. अशा वेळी पूर्ण बीटा जनुकाचं सिक्वेन्सिंग करावं लागतं. जनुक लहान आहे, सुमारे सोळाशे अक्षरांचं, तेव्हा ते अवघडही नाही. रिपोर्टवर कुठले दोष तपासले, ते ठळक लिहिलं पाहिजे. रिपोर्ट वाचणारा माणूस प्रत्येक वेळी तज्ज्ञ नसतो. कित्येकदा तो पाळीवरून परतलेला नवरा असतो.

सर्वांत नाजूक तपासणी गर्भाची. पती-पत्नी दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीच्या आधाराने सुईने वारेच्या कोवळ्या झुबक्यांचा नमुना घेतात. हा नमुना प्रयोगशाळेत आला की पहिलं काम पीसीआरचं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली पसरट बशीत नमुना ठेवून, बारीक सुईने आणि चिमट्याने, पांढऱ्या फांद्यांसारखे दिसणारे गर्भाचे तंतू आईच्या गर्भाशयाच्या अस्तरापासून एकेक करून सोडवायचे असतात. हे काम हाताचं, आणि ते चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. पीसीआर वाढवताना आईचा आणि गर्भाचा असा भेद करत नाही. आईच्या चार पेशी राहिल्या तर तेही जनुक वाढतं आणि आजारी गर्भ वाहक दिसू शकतो. म्हणून आईच्या रक्तातल्या खुणांशी गर्भाच्या खुणा ताडून पाहतात. नमुना शुद्ध असल्याची खात्री झाल्याशिवाय चांगली प्रयोगशाळा रिपोर्ट हातात देत नाही. ही वेळ चुकली तर सोळा आठवड्यांनंतर गर्भजल घेता येतं, पण उत्तर तितकंच पुढे जातं.

पश्चिम भारतात या कामाचा आधार बराच काळ मुंबईची राष्ट्रीय रक्तविकार संस्था राहिली आहे. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली ही संस्था 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. डॉ. दीपिका मोहंती, डॉ. रोशन कोलाह, डॉ. मलय मुखर्जी यांच्यासारख्या संशोधकांनी इथे आपल्या लोकांमधल्या दोषांचे नकाशे तयार केले आणि गर्भनिदानाची घडी बसवली. वलसाडच्या गटाचं बरंच काम याच संस्थेच्या साथीने झालं. विदर्भासाठी चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या विकारांचं केंद्र उभं राहिलं. खानदेशासाठी असं काही जवळ नाही. ते धुळ्याला किंवा नंदुरबारला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

कायदा आड येतो अशी तक्रार ऐकू येते. ती निम्मीच खरी आहे. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने हिमोग्लोबिनचे विकार, चयापचयाचे आनुवंशिक आजार, लिंगसंलग्न आजार यांच्यासाठी गर्भनिदानाला नोंदणीकृत केंद्रात परवानगी दिलेली आहे. त्यासाठी स्त्रीची लेखी संमती घ्यावी लागते आणि गर्भाचं लिंग सांगण्यास सक्त मनाई आहे. मुली गमावलेल्या आपल्या दोन्ही राज्यांत ही मनाई अत्यंत गरजेची आहे आणि ती सैल होता कामा नये. गर्भपाताच्या कायद्यात 2021 मध्ये बदल झाला. गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने चोवीस आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. पण ज्या बाईला पाचव्या-सहाव्या महिन्यात हे ठरवावं लागतं, तिच्या शरीरावर आणि मनावर काय गुदरतं, हे कुठल्याच कलमात मावत नाही. तिला बाराव्या आठवड्यात उत्तर मिळालं असतं तर निर्णय कोणताही असो, त्याचा भार हलका झाला असता.

आणि बाराव्या आठवड्यात उत्तर हवं असेल तर आई-वडिलांची जनुकं त्याआधी वाचलेली असावी लागतात. काय शोधायचं हेच माहीत नसेल तर पीसीआर आंधळा आहे. सध्या चाललेला क्रम मात्र उलटा आहे. बाई चौथ्या महिन्यात पहिल्यांदा आरोग्य केंद्रात जाते. आठवड्या-दोन आठवड्यांनी तिचा रिपोर्ट येतो, एएस. मग नवऱ्याला बोलावणं जातं. लूमवर बारा तासांची पाळी, खाडा केला की मजुरी गेली, तेव्हा तोही आठ-दहा दिवसांनी येतो. तोही वाहक निघाला तर दोघांची डीएनए तपासणी. तोवर वारेच्या नमुन्याची वेळ टळलेली असते. त्यात भर म्हणून ही बाई बाळंतपणाला नंदुरबारला माहेरी गेली, तर तिचे गुजराती रिपोर्ट सुरतेत आणि नवं कार्ड मराठीत, दुसऱ्या राज्याच्या कार्यक्रमातलं. नवापूरच्या फलाटावर राज्याची सीमा ओलांडायला दोन पावलं पुरतात, रिपोर्टला मात्र ती ओलांडता येत नाही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेने चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं आहे. त्यातल्या वाहकांची नोंद दोन्ही राज्यांना एकाच ठिकाणी वाचता आली, तर या पट्ट्याचा अर्धा उशीर टळेल. उरलेला अर्धा टाळायला पुरुषांची तपासणी आधी हवी, खात्यात, पगाराच्या दिवशी, पाळी न मोडता. गुजरातेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांची थॅलेसेमिया तपासणी रुजली आहे. कॉलेजात न गेलेल्या लूम कामगारासाठी तशी सोय कोणी केलेली नाही.

रक्ताच्या आजारांपलीकडेही पीसीआरचा हात लांब आहे. तीव्र हिमोफिलिया ए च्या जवळपास निम्म्या घरांत जनुकाचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला असतो, तो लांब पल्ल्याच्या पीसीआरने सापडतो. डुशेन स्नायुक्षयात सुमारे दोन-तृतीयांश मुलांत जनुकाचे काही भाग गळालेले असतात, आणि 1988 पासून अनेक भाग एकाच ट्यूबमध्ये वाढवून ही गळती शोधली जाते. मज्जारज्जूच्या स्नायुक्षयात, म्हणजे एसएमएमध्ये, सुमारे 95 टक्के रुग्णांत एकाच जनुकाचा सातवा भाग गायब असतो. फ्रॅजाइल एक्ससारख्या आजारात अक्षरांची पुनरावृत्ती इतकी लांब होते की नेहमीचा पीसीआर तिथे हात टेकतो आणि वेगळी पद्धत वापरावी लागते. शरीराबाहेर फलन करून गर्भातल्या एक-दोन पेशींवर पीसीआर करायची वाट 1990 च्या सुमाराला लंडनमध्ये निघाली. तिथे इतक्या थोड्या डीएनएत एक जनुक वाढायचंच राहून जाण्याचा धोका असतो, शिवाय खर्च उधन्याच्या कामगाराच्या आवाक्याबाहेरचा.

आता एक अवघड मुद्दा. जनुक वाचलं म्हणजे आयुष्य वाचलं असं होत नाही. दक्षिण गुजरातेतल्या आणि खानदेशातल्या आदिवासींमध्ये सिकलचं जनुक बहुतांशी अरब-भारतीय जनुकीय पार्श्वभूमीवर बसलेलं असतं. त्यामुळे जन्मानंतरही एफ हिमोग्लोबिन चांगलं उरतं. त्यात अल्फा थॅलेसेमियाही या समाजांत भरपूर, आणि तो आजार आणखी सौम्य करतो. पीसीआरनेच या दोन्ही गोष्टी तपासता येतात. तरी कोणतं मूल वर्षातून एकदा दुखण्याने तळमळेल आणि कोणतं महिन्यातून दोनदा, हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तिकडे विदर्भातले कित्येक रुग्ण याच एसएस पॅटर्नने लहानपणापासून हैराण असतात. थॅलेसेमिया मेजरमध्ये निर्णयाला धार असते, कारण दर काही आठवड्यांनी रक्त चढवल्याशिवाय मूल जगत नाही. सिकलमध्ये तशी धार नाही. हायड्रॉक्सियुरिया, लसी आणि पेनिसिलिन वेळेवर मिळालं तर अनेक मुलं शाळा शिकतात, कामाला लागतात. म्हणून सिकलसेलच्या गर्भनिदानात ‘काय करायचं’ हे सांगायचा अधिकार डॉक्टरांना नाही, सासूला तर नाहीच. समुपदेशन अहिराणीत, भिलोरीत, पावरीत व्हायला हवं, दोघांना समोर बसवून, आणि ज्यांनी मूल ठेवायचं ठरवलं त्यांच्या बाळाची जन्मतः नोंद घेऊन. नवजात तपासणीचा खरा फायदा या घरांना होतो. न्यूमोनिया आणि रक्तातला जंतुसंसर्ग होण्याआधी औषध सुरू करता येतं.

वाहकाला हिणवणं हे तर निव्वळ अज्ञान आहे. वाहक निरोगी असतो. लग्न मोडायला तपासणीचं कार्ड वापरलं गेलं तर लोक तपासणीच टाळतील, आणि तसं होतंही.

पुढची पावलं पडत आहेत. गोव्याच्या मॉलबायो कंपनीचं छोटं पीसीआर यंत्र क्षयाच्या तपासणीसाठी अनेक ग्रामीण केंद्रांत पोचलेलं आहे. म्हणजे वातानुकूलित प्रयोगशाळेशिवाय पीसीआर चालतो, हे सिद्ध झालेलं आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेची ‘फेलूदा’ ही क्रिस्पर या जनुक हेरून कापणाऱ्या तंत्रावरची पट्टी 2020 मध्ये कोरोनासाठी गाजली. त्या गटाचं मूळ काम सिकलसेलवरचं होतं, त्यातूनच ही कल्पना निघाली. पीसीआरने वाढवलेल्या डीएनएत एक अक्षर वेगळं आहे की नाही, हे कागदाच्या पट्टीवर रेघ बघून सांगता येईल, असा तो बेत आहे. आईच्या रक्तात तरंगणाऱ्या गर्भाच्या डीएनएवरून निदान करण्याचं डिजिटल पीसीआरचं तंत्रही पुढे येत आहे. ते परवडू लागलं तर सुईची भीती जाईल. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने सिकलसेलच्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली, अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर लावली गेली.

या नव्या तंत्रांपैकी एकही नवऱ्याच्या तपासणीची जागा घेत नाही. आईच्या रक्तातून गर्भ तपासायचा, तरी वडिलांचा दोष कोणता हे आधी ठाऊक असावं लागतं. म्हणून उधन्यात पैसे घालायचे असतील तर पहिला रुपया नव्या यंत्रावर घालू नये, असं माझं मत आहे. तो लग्न ठरलेल्या आणि नुकतंच लग्न झालेल्या जोडप्यांच्या एचपीएलसीवर घालावा, दुसरा वाहक जोडप्यांच्या जनुकवाचनावर, आणि तिसरा त्या समुपदेशक ताईच्या कायम नोकरीवर, जिला अहिराणी येते आणि जी रात्रपाळी सुटल्यावर, सकाळी सात वाजता, खात्याच्या दारात उभी राहू शकते.